तलत महमूद मागे का पडले?

मी हिंदी चित्रपटांतले पार्श्वगायक तलत महमूद यांची गाणी गातो हे कळले की बहुतेक जण एकच विचारतात, "शेवटी आवाज कापरा झाला म्हणूनच ते मागे पडले ना?" तुम्हीही विचारलेत, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

तो कंप उतरत्या काळात आलेला नाही. १९५० साली 'आरजू' चित्रपटातल्या ज्या गाण्याने ते मुंबईत नावारूपाला आले, त्यातही तो आहे. कोणी नावे ठेवल्यामुळे तलत यांनी तो दाबून गाऊन पाहिले, तेव्हा त्या गाण्याचे संगीतकार अनिल विश्वास यांनी आपल्याला नेमकी तीच लरज, म्हणजे तोच कंप, हवी आहे असे त्यांना बजावले, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होती. तरीही १९९८च्या मे महिन्यात, तलत गेल्यानंतरच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात, मी ती लरज दाबली. तालमीत वाद्यवृंदाच्या संचालकांनी "सूर सरळ लावा, नाहीतर तुम्ही घाबरलात असे वाटेल," असे सांगितले आणि मी एका शब्दानेही विरोध केला नाही. टाळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी कॅसेट ऐकली, तेव्हा प्रत्येक सूर जागेवर होता आणि ज्यांच्या आठवणीसाठी गायलो, त्यांचा मागमूस कुठेच नव्हता. ती कॅसेट मी पुन्हा लावलेली नाही. आवाजाला दोष देणाऱ्यांवर मी चिडतो, त्याचे हे एक कारण आहे. तो दोष मानून वागणाऱ्यांत मीही होतो.

मग ते मागे का पडले? पूर्वी मी ठामपणे सांगत असे की अभिनयाने घात केला: गायक-नट कुंदनलाल सैगल यांच्याबरोबर गायक-नायकांचा काळ सरत आला असताना तलत १९५३मध्ये 'दिल-ए-नादान'चे नायक झाले आणि पार्श्वगायनात ऐन उमेदीची वर्षे गमावली. आज तितके ठाम बोलवत नाही. १९५९च्या 'सुजाता'तले, सचिनदेव बर्मन यांनी संगीत दिलेले तलत यांचे गाणे ऐका. आवाज कुठेही उणा नाही, आणि तरीही पुढच्या दशकात त्यांच्याकडे येणारी गाणी कमीच होत गेली. चाली ठेक्याच्या आणि वरच्या पट्टीच्या होऊ लागल्या होत्या. मंद्र-मध्य सप्तकात, म्हणजे खालच्या आणि मधल्या सुरांत, हळुवार गाणाऱ्याला त्यांत जागा उरली नाही. परंतु त्याच बदलत्या काळात तसेच हळुवार गाणारे गायक मुकेश टिकले, हे कोणी पुढे केले की माझे हेही उत्तर अपुरे पडते.