परसातली रोयण

फोंड्याजवळच्या आमच्या घराच्या परसात, न्हाणीच्या मागे, फणसाखाली वाळवीने रचलेला मातीचा एक ढिगारा आहे. कमरेएवढा. पुस्तकात वारूळ, आमच्याकडे रोयण. घराची डागडुजी काढली तेव्हा तो हलवून तिथे गाडीला जागा करायचं मी ठरवलं होतं. कुदळ घेऊन गडीही आला. आई पायरीवरूनच म्हणाली, "रोयणीक हात लावचो न्हय," आणि विषय संपला. गाडी आजही रस्त्याकडेला आंब्याखाली असते आणि पक्षी तिच्यावर आपापला अभिप्राय देऊन जातात.

ज्या गोव्यात सातेरीच्या देवळात वारूळच देवी म्हणून पुजतात, तिथे मला हे आईकडून ऐकावं लागलं, याची आता लाज वाटते. वाळवी म्हणजे दाराच्या चौकटीची वैरीण, एवढंच माझं ज्ञान.

हल्ली सकाळचा चहा मी न्हाणीच्या पायरीवर घेतो. फणसावरून नाचण उतरतो, शेपटीचा पंखा उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. त्याला कोणी बघतंय की नाही याची पर्वा नसते. परसात शांतता असते असं मात्र नाही. दयाळ पक्षी ओरडतो, शेजारचा पंप ठणाणा करतो, नारळाचं चुडत धप्पकन पडतं. तरी चहा संपेपर्यंत माझ्या डोक्यातला हिशेब थांबलेला असतो.

मृगाच्या पहिल्या सरीनंतर एका संध्याकाळी रोयणीतून पंखवाल्या वाळव्या धुरासारख्या वर उठतात. आम्ही दिवे घालवतो. बेडूक आणि पाली मात्र जेवायला बसतात. सकाळी पायरीवर पंखांचा नुसता सडा. आई तो केरसुणीने लोटते, पुटपुटत.

खरी गंमत श्रावणाच्या आसपास. वाळव्या पानं, लाकूड चावून आत मऊ पोळं रचतात, त्यावर बुरशी वाढवतात आणि तीच खातात. चक्क शेती! आमच्या कुळागरात सुपारी काढायला माणूस मिळत नाही, आणि इथे जमिनीखाली लाखो जण बिनपगारी राबतात. पाऊस चांगला मुरला की त्याच बुरशीचे कोंब माती फोडून वर येतात. ती ओळमी, म्हणजे अळंबी. बाजारात पानात गुंडाळून विकायला येतात. भाव ऐकून माणूस मुकाट पुढे सरकतो. श्रावणात मासळी बंद, तेव्हा ओळम्यांच्या तोणाकाला, म्हणजे रश्शाला, जी चव लागते ती लागते.

यंदा पहाटे टॉर्च घेऊन गेलो. ओल्या पाचोळ्यातून वर आलेली, टोकाला करडी, देठाला मातीचा वास. मोजली: २७. टोपली भरू लागलो तर मागून आईचा आवाज आला, "सगळीं काडूं नाका."

नऊ ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या छत्र्या पुऱ्या उघडल्या होत्या, कडा फाटलेल्या, आणि एकीवर एक गोगलगाय निवांत न्याहारी करत होती.