नाटक कुठलं ते नंतर बघू

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत उन्हाळ्यात पुण्यामुंबईहून कोणी ना कोणी येतंच, आणि आलेल्याला ब्रॉडवे, म्हणजे न्यूयॉर्कची मोठी नाटकं, दाखवायचं असतं, आणि पूर्ण भावाचं तिकीट बघितलं की पाहुण्यांचं मनातल्या मनात रुपयांत गणित सुरू होतं. त्यावर उतारा म्हणजे टाइम्स स्क्वेअरमधला टीकेटीएसचा बूथ. १९७३ पासून चालू आहे, टीडीएफ नावाची ना-नफा संस्था चालवते. नाटकवाले त्या दिवशीची उरलेली तिकिटं तिथे देतात, साधारण २० ते ५० टक्के कमी भावात. हिशोब संध्याकाळच्या मेथीच्या जुडीचा, पडदा वर गेला की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य.

गंमत अशी की जायचं ठरतं आधी आणि नाटक ठरतं नंतर. माझ्या मावशीला हे काही केल्या पटेना. "अगं, कुठलं नाटक ते तरी सांग, मग साडी ठरवते." जन्मभर शिवाजी मंदिरला प्लॅन उघडला की पहिल्या दिवशी जाऊन चौथ्या रांगेतली कडेची खुर्ची पकडणारी बाई ती, तिला सांगणार काय की कुठल्या नाटकांची तिकिटं आहेत तो बूथवरचा बोर्ड बघितल्याशिवाय मलाही माहीत नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला रात्रीच्या खेळांची विक्री सुरू होते. २००८ साली बूथच्या डोक्यावर लाल काचेच्या पायऱ्या बांधल्या, त्यावर लोक फोटो काढत बसलेले असतात आणि खाली आपण उन्हात मान वर करून बोर्ड वाचतोय. 'शिकागो' बऱ्याचदा असतं, 'लायन किंग' सहसा नसतंच, तरी विचारणारे विचारतात. गाणीबिणी नसलेलं नाटक बघायचं असेल तर 'प्ले एक्सप्रेस' म्हणून वेगळी खिडकी आहे, तिथे रांग छोटी, माझं मत विचाराल तर खरा माल तिथेच, पण पाहुण्यांना नाचगाणं हवं असतं त्याला काय करणार.

दुसरी तऱ्हा रश, म्हणजे त्याच दिवशी थिएटरवरच मिळणारी स्वस्त तिकिटं, आणि लॉटरीची. १९९६ ला 'रेंट'ने पुढच्या दोन रांगा २० डॉलरला द्यायला सुरुवात केली तर पोरं रात्रभर फुटपाथवर झोपायला लागली, मग लॉटरी काढावी लागली. 'हॅमिल्टन'ची लॉटरी १० डॉलरची, कारण नाटक ज्याच्यावर आहे त्या हॅमिल्टनचंच तोंड दहाच्या नोटेवर. माझा नंबर काही लागलेला नाही. लॉटरीत नुसतं नाव टाकायचं आणि वाट बघायची, त्यात मजा नाही. रांगेत कसं, पुढच्या टेक्सासच्या आजी तुम्हाला काल काय बघितलं, कोण बोअर झालं सगळं सांगतात. जाहिरातीपेक्षा माझा त्यांच्यावर जास्त विश्वास.

तर आम्हाला अर्ध्या किमतीत तिकिटं मिळाली, जरा कडेची, स्टेजचा डावा कोपरा दिसत नव्हता. मावशीने इंटरव्हलमध्ये शेजारच्या गृहस्थांना सरळ विचारलंच, तुम्हाला कितीला पडलं? त्यांनी सांगितलं. पूर्ण भाव. त्यानंतर मावशीला दुसरा अंक फारच आवडला, डावा कोपरा ती विसरूनच गेली.

टीकेटीएसचं तिकीट दाखवलं की सात दिवसांत पुन्हा रांग न लावता थेट खिडकीवर जाता येतं. हे ऐकल्यावर तिने माझ्या हातातून तिकिटं काढून घेतली, पर्सच्या चेनच्या कप्प्यात टाकली आणि म्हणाली, बुधवारी दुपारचा खेळ असतो ना गं?