चिपळुणात बिऱ्हाड हलवताना : अंदाज बारा हजारांचा, खर्च साडेतेवीस हजारांचा

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही चिपळूणच्या बाजारपेठेलगतचे तळमजल्यावरचे भाड्याचे घर सोडून कापसाळच्या बाजूला, चढावरच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायला आलो. दोन्ही घरांमधले अंतर रिक्षाने दहा-बारा मिनिटांचे आहे. एवढ्याशा अंतराचा कसला हिशेब मांडायचा, असे शेजारीपाजारी म्हणत होते, आणि जो भेटेल तो एकच प्रश्न विचारत होता, "टेम्पोवाला किती घेतो?" मी मात्र पहिल्या दिवसापासून एका वहीत प्रत्येक रुपया लिहून ठेवला होता. सगळे स्थिरस्थावर झाल्यावर बेरीज केली तेव्हा एकूण खर्च २३,४४० रुपये झाला होता आणि त्यात टेम्पोचे ५,२०० रुपये होते, म्हणजे चौथा हिस्साही नाही. आमचा सुरुवातीचा अंदाज बारा हजारांचा होता. तो कुठे चुकला, हे गावातल्या गावात बिऱ्हाड हलवणाऱ्या इतर कुटुंबांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

घर बदलण्याचे कारण चिपळूणकरांना वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५ चा पूर सासूबाईंनी पाहिला होता आणि २२ जुलै २०२१ चा पूर आम्ही सगळ्यांनी त्याच घरात अनुभवला. वाशिष्ठीचे आणि शिवनदीचे पाणी एक झाले, अंधारातच ते उंबऱ्याशी आले आणि आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे गेलो. त्यानंतर दर जूनमध्ये धान्याचे डबे, मुलीची पुस्तके आणि कागदपत्रांची पेटी माळ्यावर चढवायची आणि गणपतीनंतर खाली उतरवायची, असा क्रम सुरू झाला. त्यामुळे नवीन घर शोधताना भाडे किंवा खोल्या यांच्या आधी आम्ही एकच गोष्ट विचारत होतो : २०२१ ला इथे पाणी कुठवर आले होते? हा प्रश्न घरमालकाला विचारण्यापेक्षा समोरच्या किराणा दुकानदाराला विचारावा, असे मला वाटते. त्याचे पोत्यांचे नुकसान झालेले असते, म्हणून त्याला पाण्याची उंची इंचात आठवते. पुराचे पाणी कुठवर येऊ शकते हे दाखवणारी निळी आणि लाल पूररेषा नकाशावर पाहता येते, तीही जरूर पाहावी.

तारीख ठरवणे हे आमच्याकडे पैशाइतकेच अवघड काम असते. मृगाच्या आधी हलायलाच हवे होते, कारण भर पावसात गाद्या आणि लाकडी सामान हलवणे म्हणजे त्यांची वाट लावणे. पण मे महिन्यात कोकणातला प्रत्येक पिकअप आंब्याच्या पेट्यांना, नाहीतर लग्नाच्या सामानाला जुंपलेला असतो. चाकरमानी आलेले असतात आणि जो तो आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी भरत असतो. एरवी सांगितल्या दिवशी येणारा टेम्पो मे महिन्यात आठ दिवस आधी सांगूनही पहाटे पाचला किंवा रात्री आठनंतर मिळतो. आम्ही विचारलेल्या तिन्ही टेम्पोवाल्यांनी एकच दिवस पूर्ण मोकळा आहे असे सांगितले, तो शुक्रवार, १९ मेचा, म्हणजे अमावास्येचा.

सासूबाईंना हे पटण्यासारखे नव्हते आणि त्यांच्या मनाविरुद्ध घर हलवावे, असे आम्हा दोघांनाही वाटत नव्हते. मार्ग त्यांनीच सुचवला. पूर्वी प्रवासाचा मुहूर्त आणि निघण्याचा दिवस जुळत नसला, की आधीच्या चांगल्या दिवशी प्रस्थान ठेवत असत, म्हणजे थोडे सामान आधीच घराबाहेर नेऊन ठेवत. त्याचप्रमाणे आदल्या बुधवारी आम्ही देव, पाण्याचा कलश, तांदूळ, मीठ आणि नवी केरसुणी एवढे घेऊन नव्या घरी गेलो, देवांची स्थापना केली, शेगडीवर दूध उतू जाऊ दिले आणि परत आलो. त्यांच्या दृष्टीने घर त्या दिवशी लागले होते. शुक्रवारी नेले ते फक्त सामान. पूर्ण दिवसाचा टेम्पो नेहमीच्या दरात आणि घाई न करणारा चालक, हे दोन्ही आम्हाला त्यामुळे मिळाले.

हे बुधवारचे जाणे शक्य झाले, कारण नव्या घराची किल्ली आम्ही ८ मे रोजीच घेतली होती. तेव्हापासून १९ मेपर्यंतच्या बारा दिवसांचे भाडे, महिना ७,५०० च्या हिशेबाने, ३,००० रुपये झाले. दोन घरांचे भाडे एकाच वेळी भरणे हा शुद्ध अपव्यय आहे, असे यजमानांना सुरुवातीला वाटत होते, आणि आमच्या मूळ अंदाजात ही रक्कम धरलेलीच नव्हती. आज मी म्हणेन की संपूर्ण खर्चातले सर्वांत कारणी लागलेले पैसे तेच. रोज संध्याकाळी स्कूटरवरून दोन पिशव्या याप्रमाणे लोणच्याच्या बरण्या, काचेचे सामान, देव्हाऱ्यातील समया, औषधे आणि पुस्तके आम्ही स्वतः नेली. रिकाम्या घरात फरशी धुऊन घेता आली, पंखे बसवून घेता आले, नळाची गळती सामान येण्याआधी लक्षात आली. बरण्यांपैकी एकही फुटली नाही आणि टेम्पोची निदान एक खेप वाचली.

आता खेपांविषयी. लांबच्या स्थलांतरात किलोमीटर मोजतात, गावात खेपा मोजाव्या लागतात. आमच्याकडे ज्याला सगळे छोटा हत्ती म्हणतात, त्या टाटा एसचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पाच फुटांहून किंचित कमी रुंद असतो. वजनाची मर्यादा पाऊण टनाच्या आसपास असली, तरी घरसामान वजनाआधी जागेनेच हौदा भरते. चार खुर्च्या, एक टेबल आणि दोन गाद्या यांनी तो भरल्यासारखा दिसतो. आम्ही तीन खेपांचा अंदाज बांधला होता. प्रत्यक्षात छोट्या हत्तीच्या चार खेपा, प्रत्येकी ९०० रुपयांनी, आणि पलंग व लोखंडी कपाटांसाठी पिकअपची एक खेप १,६०० रुपयांनी, अशा पाच झाल्या. अंदाज चुकला तो माळ्यामुळे. माळ्यावर काय काय आहे, हे आम्ही खालून पाहून ठरवले होते. वर चढून एकेक वस्तू खाली उतरवून पाहिल्याशिवाय कोणीही खेपांचा आकडा धरू नये. आणि उतरवलेच आहे, तर दोन पावसाळ्यांत न वापरलेले तिथल्या तिथे भंगारवाल्याला द्यावे, कारण ते नव्या घरी नेण्याचेही पैसे पडतात.

हमालांशी बोलताना माझ्या लक्षात आले की खर्चाचा नेमका अंदाज आमच्यापेक्षा त्यांनाच असतो. मुकादमाने अंतर विचारलेच नाही. त्याने विचारले, "वहिनी, किती मजले? जिना आतून आहे का बाहेरून? गाडी दारापर्यंत लागते का? कपाटं किती?" जुन्या घराच्या बोळात टेम्पो शिरत नव्हता, म्हणून प्रत्येक वस्तू साठ-सत्तर पावले उचलून आणावी लागणार होती, आणि नव्या घरी वीस पायऱ्या होत्या. हे सगळे आधी सांगितल्यामुळे दर आधीच ठरला : चौघांना प्रत्येकी ९०० रुपये. दुपारनंतर काम लांबले, म्हणून त्यांपैकी दोघांना आणखी अर्ध्या दिवसाचे प्रत्येकी ४५० रुपये वेगळे दिले, असे एकूण ४,५०० रुपये, आणि चहा, जेवण, सरबत यांचे ६४०. काम झाल्यावर पायऱ्यांवर उभे राहून घासाघीस करणारे लोक मी पाहिले आहेत. मला ते फार अयोग्य वाटते. पोत्याचे वजन १०० किलोंवरून ५० किलोंवर आणण्यासाठी महाराष्ट्रातल्या हमालांना वर्षानुवर्षे लढावे लागले आहे. पुस्तकांचे खोके ठासून भरून "हे एवढंसं तर आहे" असे म्हणताना आपण त्याचा विचार करावा. खोके छोटे घ्यावे, पुस्तके निम्म्यापर्यंत भरावी आणि वर चादरी-टॉवेल घालावे.

कपाटाचा प्रसंग थोडा सविस्तर सांगते. आमच्या लोखंडी कपाटावर जमिनीपासून साधारण साडेपाच फुटांवर एक तपकिरी रेघ आहे. ती २०२१ च्या पाण्याची. पाय गंजलेले असल्यामुळे ते ढकलत नेता येत नव्हते. हमालांनी आधी आतले कप्पे काढायला लावले, लॉकर रिकामा करवून घेतला, दारे कुलूप लावून वर दोरीने आवळली आणि कपाटाखालून काथ्याचा दोर दोन्ही बाजूंनी घेतला. जुन्या घरातून ते सहज निघाले. नव्या घराचे दार आम्ही टेपने मोजले होते, पण जिन्याचे वळण मोजले नव्हते. आडवे कपाट वळणावर कठड्याला अडकले, ना वर ना खाली. सर्वांत वयस्क हमालाने सगळ्यांना थांबवले, खांद्यावरच्या टॉवेलची घडी करून कठड्यावर ठेवली, मग खालच्या दोघांना म्हणाला, "उभं करा, टेकू देऊ नका, मी सांगेन तेव्हाच सोडा." ते उभे झाल्यावर एका कोपऱ्यावर कपाट फिरवत त्यांनी ते वळण पार केले. अर्धा तास लागला. भिंतीला ओरखडासुद्धा आला नाही.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. फ्रिज आदल्या रात्री बंद करून, पुसून, उभाच न्यावा आणि नेल्यावर चारेक तास चालू करू नये. इन्व्हर्टरची बॅटरी कधीही आडवी करू नये. सिलिंडरही उभाच न्यावा, रेग्युलेटर काढून आणि टोपी लावून. वितरक तोच असेल, तर पुस्तकावर पत्ता बदलून घेण्यापुरतेच काम असते. खोकी औषधांच्या आणि किराणा दुकानांतून मिळाली, भांडी जुन्या साड्यांत गुंडाळली, तरीही सुतळी, चिकटपट्टी आणि प्लास्टिकचा कागद यांना ८५० रुपये लागलेच. पहिल्या रात्रीची पिशवी वेगळी भरावी आणि ती टेम्पोत न टाकता आपल्याजवळ ठेवावी : चहा-साखर, पोहे, एक पातेले, सुरी, औषधे, चार्जर, टॉर्च, दोन चादरी.

अंदाज सर्वांत जास्त फसला तो टेम्पो निघून गेल्यानंतरच्या खर्चात. पंखे, गिझर, टीव्ही आणि पाणी शुद्ध करण्याचे यंत्र काढून पुन्हा बसवण्यासाठी वीजतंत्री आणि प्लंबर मिळून २,५०० रुपये. दोन्ही घरांच्या सफाईचे १,५०० रुपये. पडद्यांचे गज, दिवे, नळाची तोटी, खिळे, बादल्या, लांब वायरचा बोर्ड अशा किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंचे ३,१५०. ही शेवटची रक्कम पाच दिवसांत दोनशे-तीनशे करत गेली आणि वही नसती, तर ती मला कधी कळलीही नसती.

कागदपत्रांत कसूर करू नये. ओळखीचे घर आहे म्हणून तोंडी ठरवण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो आणि नोंदणी करून देण्याची जबाबदारी घरमालकाची असते. आमच्या करारावेळी नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० आणि नगरपालिका हद्दीत १,००० रुपये होती. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के असल्यामुळे आमच्यासारख्या भाड्यावर ते काही शे रुपयांतच बसते. करून देणाऱ्याच्या मेहनतान्यासह आमचे २,१०० रुपये झाले आणि ते घरमालकांशी वाटून न घेता आम्हीच भरले, कारण घर मिळण्याची घाई आम्हाला होती. वीजमीटर जागेचा असतो, माणसाचा नसतो. म्हणून नव्या घरी शिरताना आणि जुने सोडताना, दोन्ही मीटरांच्या वाचनाचे फोटो तारखेसह काढावेत आणि मागील बिल भरलेले आहे ना, हे करारावर सही करण्याआधी पाहावे.

वरच्या २३,४४० रुपयांत अनामत रक्कम धरलेली नाही, कारण तो खर्च नव्हे. पण खरी ओढाताण तिथेच होते. नव्या घराची ३०,००० रुपयांची अनामत ८ मेपूर्वी द्यावी लागली आणि जुन्या घराची २०,००० परत मिळणार होती ती किल्ली दिल्यानंतर. मधल्या काळासाठी आम्ही मुलीच्या नावाची एक ठेव मुदतीआधी मोडली. हे आधी लक्षात आले असते, तर मार्चपासूनच थोडे थोडे बाजूला ठेवले असते.

२० मे रोजी सकाळी आम्ही जुने घर झाडून, पुसून दिले. मालकांनी भाडे त्या तारखेपर्यंतचेच घेतले, भिंतीच्या रंगाचे दीड हजार कापून उरलेली अनामत दोन आठवड्यांनी दिली. भिंतीवर २०२१ च्या पाण्याची खूण अजून होती, तिच्यावरूनच रंग द्यावा लागणार होता, म्हणून आम्ही हरकत घेतली नाही. सासूबाईंनी उंबऱ्यावर हळद-कुंकू वाहिले आणि किल्ली मालकांच्या हातात दिली. पावसाने त्या वर्षी जूनमध्ये बरीच वाट पाहायला लावली. तो आला, तेव्हा धान्याचे डबे स्वयंपाकघरात जमिनीवरच होते.