नात्याचा रकाना

माझा मुलगा आणि त्याचा जोडीदार गेली सात वर्षे एकत्र संसार करीत आहेत, पण सरकारदरबारी ते एकमेकांचे कोणीच नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि हा विषय कायदेमंडळाचा असल्याचे सांगितले, तेव्हा मला एक गोष्ट स्पष्ट झाली: आता मने वळवायची आहेत ती पाच न्यायमूर्तींची नव्हे, तर गल्लीबोळांतल्या माणसांची. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ‘स्वीकार’ या पालकगटातील चारशेहून अधिक आईवडिलांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले होते, आणि त्या पत्राने मला फार बळ दिले. पण केवळ आम्हा पालकांच्या बळावर कायदा बदलणार नाही.

म्हणून आमच्या छोट्या गटाने परित्यक्ता स्त्रियांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना भेटीला बोलावले. चहा होईपर्यंत सगळ्या अवघडून बसल्या होत्या. मग एकीने सरळच विचारले, “लग्नानेच आम्हाला रस्त्यावर आणले, आणि तुम्ही लग्नाचाच हक्क मागता?” मला उत्तर सुचले नाही, आणि घाईने काहीतरी बोलले नाही हे बरेच झाले, कारण तिचा प्रश्न खरा आहे आणि आमची एकजूट व्हायची असेल, तर तो टाळून होणार नाही.

तेवढ्यात त्यांच्यातल्या ज्येष्ठ ताईंनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या कव्हरात जपलेले, घडीवर विरलेले केशरी रेशनकार्ड काढून माझ्यापुढे ठेवले. नवऱ्याने टाकल्यावर स्वतःच्या नावाचे हे कार्ड मिळवण्यासाठी त्यांनी किती खेटे घातले, ते त्या सांगत राहिल्या. संगमनेरला १९८८ साली परित्यक्तांची परिषद भरली, त्या चळवळीने स्वतंत्र रेशनकार्डाची मागणी लावून धरली, ती याचसाठी: पुरुषाच्या नावाशिवायही घर हे घरच असते, हे सरकारने मान्य करावे.

आमचे मागणे याहून वेगळे कुठे आहे? केंद्र सरकारने २०२४ साली राज्यांना कळवले की, रेशनकार्डासाठी समलिंगी जोडीदारांना एकाच कुटुंबातले मानावे. संयुक्त बँक खाते उघडायला आणि जोडीदाराला त्या खात्याचा नॉमिनी म्हणून नेमायला कोणतीही आडकाठी नाही, हेही त्याच सुमारास स्पष्ट केले. मात्र वरून आलेले पत्र तहसील कचेरीच्या खिडकीपर्यंत पोचवायला तिथली वाट तुडवलेली माणसे लागतात, आणि ती माणसे या स्त्रियाच आहेत. त्यांच्या पोटगीच्या मोर्चात आम्ही पुढच्या महिन्यात चालणार आहोत. केवळ मागायला जाणाऱ्यांशी कोणी फार काळ सोयरीक ठेवत नाही.

निघताना ताईंनी माझा हात हातात घेतला. “सोमवारी पुरवठा शाखेत मी येते तुमच्याबरोबर,” त्या म्हणाल्या. “अर्ज मी भरून देईन. नात्याच्या रकान्यात काय लिहायचे, तेवढे मुलांना विचारून या.”