पिक्सेलमधली गळती

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत लुकलुकणारा स्क्रीन दुरुस्तीला आला की पॅनेल बदलायची घाई होते. आधी पिक्सेल समजून घ्या.

ओएलईडी स्क्रीनमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो. त्याला करंट पुरवणाऱ्या ड्रायव्हर ट्रान्झिस्टरच्या गेटवरचं, म्हणजे नियंत्रण टोकावरचं, व्होल्टेज एक चिमुकला कपॅसिटर धरून ठेवतो. तो 100 फेम्टोफॅरडचा आणि गळती 1 पिकोअँपिअर धरली, तर 60 हर्ट्झला (सेकंदाला 60 फ्रेम) एका फ्रेममध्ये, म्हणजे 16.7 मिलिसेकंदांत, 0.17 व्होल्ट सरकतं. 1 हर्ट्झला फ्रेम पूर्ण सेकंदभर टिकवायची असते, तिथे तर हिशेबच कोलमडतो. गडद करड्या रंगावर हे लगेच डोळ्यांत खुपतं.

कपॅसिटर वाढवला तर जागा खातो, चार्जिंगही रेंगाळतं. त्यापेक्षा गेटला जोडलेले रीसेटचे (जुनं व्होल्टेज पुसणारे) आणि कॉम्पेन्सेशनचे (ड्रायव्हरमधला फरक भरून काढणारे) स्विच कमी गळणाऱ्या ऑक्साइड ट्रान्झिस्टरचे करावेत. करंट पुरवणारा ड्रायव्हर मात्र जास्त करंट देणाऱ्या पॉलिसिलिकॉनचाच बरा. आणि ब्राइटनेस उतरवल्यावरच लुकलुकत असेल, तर संशय आधी पीडब्ल्यूएमवर, म्हणजे प्रकाश झटपट चालू-बंद करून उजेड कमी करण्याच्या पद्धतीवर, घ्या.