तिसरा मजला, लिफ्ट नाही

पुण्यात वडगाव शेरीकडच्या एका पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, ऑफिसात मी काम करते. बाप्तिस्म्याचे दाखले, मिस्साच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) नोंदी आणि छोट्या ख्रिस्ती समूहांचा सगळा पसारा माझ्याकडे. जवळपास राहणारी काही घरं मिळून एक समूह. आळीपाळीने कुणाच्या तरी घरी बसायचं, शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची कथा, वाचायचं. सगळं चालवतात प्रापंचिक माणसं. फादर आले तर पाहुणे. आमच्याकडची बरीच कुटुंबं राहुरी-श्रीरामपूरकडून पोटापाण्यासाठी आलेली, त्यामुळे एकमेकांकडे जाऊन बसायला कुणाला शिकवावं लागत नाही. घोडं अडतं ते सहाव्या पायरीवर.

वाचनाची पद्धत सात पायऱ्यांची, दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेतून आलेली. प्रभूला बोलावणं, उतारा वाचणं, मनाला लागलेले शब्द पुन्हा म्हणणं, शांत बसणं, मनातलं सांगणं. मग सहावी: आता आपण करायचं काय? आणि शेवटी प्रार्थना. १९९० साली इंडोनेशियातल्या बांडुंगला आशियातल्या बिशपांनी अशा समूहांवर भर दिला. माझ्या मते समूहांचा सगळा जीव या सहावीत आहे. पण लोक पाचवीवरून थेट सातवीवर उडी मारतात. चहा उकळत असतो ना!

पावसाळ्यातल्या एका बैठकीला मी अहवालासाठी गेले होते. उतारा मार्कच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय: पक्षघाती माणसाला चौघं उचलून आणतात, गर्दीमुळे छप्पर उघडून खाली सोडतात. श्रद्धा, क्षमा, सगळं नेहमीचं बोलून झालं. कोपऱ्यातल्या आजी एकदम म्हणाल्या, "अगं, आपल्या डोक्यावरच तर माणूस पडलाय. छप्पर कशाला उघडायचं, जिना उतरवा की त्याला."

वरच्या मजल्यावरची बाई तिथेच बसली होती. नवऱ्याचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. उचलून नेणाऱ्या भाच्याची ड्युटी बदलली आणि एक खेप चुकली, तर पाय सुजले, रात्रभर धाप. तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. त्या घरासाठी दर बैठकीत प्रार्थना मात्र व्हायची!

प्लॅस्टिकची खुर्ची नको, पाय फाकतात, असं म्हणत कुणीतरी लोखंडी आणली. समूहातल्या नर्सबाईंनी बजावलं, "डाव्या हाताला फिस्टुला आहे, डायलिसिसच्या सुया तिथेच टोचतात. तो हात धरायचा नाही, दाबायचा नाही, त्याच्यावरून पट्टा घ्यायचा नाही." मग सगळ्यात जाड काकांना बसवून रंगीत तालीम. मार्कमध्ये चौघं असतील, पण आमच्या वळणावर एक सायकल, एक रिकामा सिलिंडर आणि माणसं मावतात दोनच. तळमजल्यावरचा रिक्षावाला आरडाओरडा ऐकून वर आला. तो काही ख्रिस्ती नाही. त्याने आधी सिलिंडर हलवला, मग म्हणाला, "खालची बाजू मी धरतो, आणि दवाखान्यात पण मीच सोडतो."

नेणं त्या मानाने सोपं. चार तास मशीनवर काढल्यावर बीपी उतरलेलं असतं, मान धरवत नाही. त्या अवस्थेत तीन मजले चढवायचं म्हणजे जास्त माणसं, तीही भर दुपारी. यादीत सोमवार, शुक्रवार भरले. बुधवारी दुपारी कुणीच मिळेना.

"फादरांचं नाव लिही," आजी मला म्हणाल्या. "दुपारचे झोपलेलेच असतात ते."

मी लिहिलं.