हेडर आवरायला घेतले, भाग ३: सात बाइट की बारा

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की आता फक्त थोडं आवरायचं बाकी आहे. ते थोडं तीन रविवार चाललं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी, एका बाजूला एटीमेगा३२८पी ही एव्हीआर जातीची चिप आहे ज्यावर सेन्सर, दुसरीकडे एसटीएम३२एफ१०३ ही एआरएम जातीची चिप जी गेटवेचं, म्हणजे सेन्सरची पॅकेट घेण्याचं, काम करते, आणि मधे यूआर्ट, म्हणजे एकामागून एक बाइट पाठवणारी सिरीयल लाइन. दोघांमधे जाणारं पॅकेट एका स्ट्रक्टमधे (सी भाषेत एकत्र बांधलेले फील्ड) आहे आणि ते स्ट्रक्ट ज्या पॅकेट डॉट एच या हेडरमधे, म्हणजे बाकीच्या सी फाईली इन्क्लूड करतात त्या फाईलमधे, आहे तिची एकेक कॉपी दोन्ही फोल्डरमधे. हो, माहितीये. सुरुवातीला दोनच फील्ड होते, तेव्हा कोण विचार करतंय.

तर एक कॉमन फोल्डर केला आणि दोन्ही कॉप्यांचा डिफ काढला. एकाच ओळीचा फरक, गेटवेच्या कॉपीत स्ट्रक्टला पॅक्ड (मधे रिकामे बाइट सोडू नको असं कंपायलरला सांगणारा शब्द) लावलेलं, सेन्सरच्या कॉपीत नाही. म्हटलं काहीतरी जुनं असेल, आणि सेन्सरवाली साधी दिसत होती म्हणून तीच ठेवली. दोन्हीकडे बिल्ड झालं, एकही वॉर्निंग नाही, मी खूश. मग गेटवेवर पहिल्या पॅकेटचा आयडी बरोबर आला, तापमान काहीच्या काही, आणि दुसऱ्या पॅकेटपासून आयडी पण गेला.

स्ट्रक्टमधे आधी एक बाइटचा आयडी, मग चार बाइटची वेळ, मग दोन बाइटचं तापमान. एव्हीआर आठ बिटांचा, त्याला अलाइनमेंटचं, म्हणजे फील्ड कुठल्या पत्त्यावर बसतं त्याचं, काही पडलेलं नसतं, त्यामुळे तिथे साइज ७. एआरएमवर मात्र कंपायलर आयडीनंतर तीन बाइट रिकामे सोडतो म्हणजे वेळ चारच्या पटीत बसते, आणि शेवटी अजून दोन, झाले १२. म्हणजे गेटवे १२ बाइटची वाट बघत बसायचा आणि पुढच्या पॅकेटचे पाच बाइट गिळून टाकायचा. हे कळायला मला लॉजिक अ‍ॅनालायझर (तारेवरचे बिट दाखवणारं यंत्र) लावून दोन तास गेले आणि तो पॅक्ड शब्द कधीतरी मीच लावला होता, याच कारणासाठी, कमेंट न लिहिता.

आता पॅक्ड परत आलाय आणि खाली स्टॅटिक असर्ट आहे की साइज ७ च पाहिजे, नाहीतर बिल्ड तिथेच थांबेल. एकेक बाइट हाताने भरून पाठवणं जास्त बरोबर हे मान्य, पण दोन्ही चिप लिटल एंडियन आहेत, म्हणजे आकड्याचा खालचा बाइट आधी ठेवतात, म्हणून सध्या राहू दे. फक्त पॅक्ड फील्डचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) घेऊन फिरायचं नाही एवढं पाळतोय.

दुसरा घोळ कॉन्फिग डॉट एचचा. कॉमनमधे एक, बोर्डच्या फोल्डरमधे एक, आणि मेकफाईलमधे (बिल्ड कसं करायचं ते लिहिलेली फाईल) मायनस आयची, म्हणजे हेडर कुठल्या फोल्डरमधे शोधायचे ते सांगणाऱ्या फ्लॅगची, रांग, कुठली फाईल उचलली जाईल ते त्या रांगेवर. ते एकवेळ समजलं असतं पण बोर्डवाली फाईल पूर्ण पाथ देऊन इन्क्लूड केली तरी कंपायलर म्हणतोय बॉडरेट (यूआर्टचा वेग) कुठेच डिक्लेअर नाही. जीसीसीला, म्हणजे या कंपायलरला, मायनस एच कॅपिटल दिला की तो इन्क्लूडचं झाड छापतो, जितकं खोल तितके टिंब, त्यात फाईल स्पष्ट दिसत होती. उघडली जात होती, पण दोन्ही फाईलींचा गार्ड (तीच फाईल दुसऱ्यांदा घेतली जाऊ नये म्हणून वर डिफाइन केलेलं नाव) सेम! आधी कॉमनवाली आली, गार्ड डिफाइन झाला, मग दुसरीतलं सगळं गुपचूप वगळलं. प्रॅग्मा वन्स (नावाऐवजी फाईलच ओळखणारा पर्याय) असता तर हे झालंच नसतं, तरी मी गार्डच ठेवले, आता गार्डच्या नावात फोल्डरचं नाव असतं. आणि मायनस आय एकच, प्रोजेक्टच्या मुळाचा, त्यामुळे प्रत्येक इन्क्लूडमधे कॉमन स्लॅश वगैरे लिहावं लागतं. लांबलचक आहे पण वाचताना कळतं कुठली फाईल ते.

मेकचं थोडक्यात: एमएमडी आणि एमपी हे दोन फ्लॅग टाका आणि त्यातून बनणाऱ्या डी फाईली (कुठली सी फाईल कुठल्या हेडरवर अवलंबून ते लिहिलेल्या) मेकफाईलमधे इन्क्लूड करा, म्हणजे हेडर बदलला की योग्य तेवढंच परत कंपाइल होतं. माझ्याकडे एमपी (हेडर जागेवर नसला तरी मेकला अडू न देणारा) नव्हता, म्हणून हेडर हलवल्या हलवल्या मेक जुना पाथ शोधत बसला आणि टार्गेट बनवायचा रूल नाही म्हणून अडला. एमपी टाकून एकदा क्लीन केलं, मिटलं.

कॉमनमधे काय जाऊ द्यायचं याची परीक्षा अशी की प्रत्येक हेडरसाठी एक सी फाईल, ज्यात फक्त तो एकच हेडर इन्क्लूड, आणि ती दोन्ही कंपायलरमधून गेली पाहिजे. अकरापैकी सहा नापास. दोन नुसते स्टडिंट (ठराविक बाइटच्या आकड्यांचे प्रकार देणारा हेडर) विसरलेले, ते सुधारले. बाकी चारांत चिपप्रमाणे बदलणारे पिन आणि रजिस्टर होते, ते आपापल्या बोर्डच्या घरी गेले.

फक्त डीबग डॉट एच पास होऊनही पचत नाहीये. एव्हीआरवर रॅम २ केबी, म्हणून स्ट्रिंग (छापायचा मजकूर) मुद्दाम प्रोगमेम हा शब्द लावून फ्लॅशमधे, म्हणजे प्रोग्राम राहतो त्या मेमरीत, ठेवायच्या, एसटीएमवर कॉन्स्ट लिहिलं की आपोआप फ्लॅशमधे. त्यामुळे तिच्यात आत्ता सात इफडेफ (चिप कुठली त्यावर ठरणारे कोडचे तुकडे) आहेत. मॅक्रोचं नाव कॉमनमधे आणि छापायचं काम बोर्डच्या फोल्डरमधे असं तोडायचा विचार आहे, कोणी केलं असेल तर सांगा. तोपर्यंत ती दोन्ही फोल्डरच्या बाहेर मेकफाईलशेजारी पडून आहे.